आठ बोल्टांची प्लेट

काल माळ्यावरच्या डब्यात सतरा नंबरचा पाना सापडला. हे गेल्यापासून तो डबा कुणी उघडलाच नव्हता. पान्याला अजून रॉकेलचा वास होता, आणि मी एकदम आमच्या नाशिकच्या जुन्या अंगणात पोचले.

तेव्हा मी लशींची पेटी घेऊन पेठकडच्या पाड्यांवर आमच्या जीपने जायची. मोबाइल आले नव्हते. एकदा दगड लागून इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटलं आणि संध्याकाळपर्यंत मी रानात अडकून पडले. पुढच्याच रविवारी ह्यांनी चेंबरला दगड लागू नये म्हणून खालून बसवायला जाड लोखंडी प्लेट कापून आणली आणि गोणपाट अंथरून जीपखाली शिरले. मी जॅकवर प्लेट तोलून धरली. आठ बोल्ट आवळून झाल्यावर शेजारचे मिस्त्री वाकून म्हणाले, "साहेब, ऑइल काढायला भोक ठेवायचं राहिलं. आता दर वेळी सगळी प्लेट खोलावी लागेल."

"खोलू की," हे म्हणाले.

मी चिडले. "दहा मिनिटांचं काम आहे, पाडून घ्या ना."

ह्यांनी रॉकेलने हात धुतले आणि विषय संपवला. ते भोक कधीच पडलं नाही. ऑइल बदलायचं म्हटलं की अर्धा रविवार जायचा. मी त्याला हट्ट म्हणायची.

काल पाना हातात घेतल्यावर आठवलं, खोललेली प्लेट ते लगेच चढवायचे नाहीत. टॉर्च घेऊन ब्रेकच्या नळ्या, स्टीअरिंगचे सांधे, एकेक नट हाताने चाचपत पडून राहायचे.

सोमवारी सावळघाट मी एकटी उतरणार असायची.