फ्रँक पास झाला नव्हता

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. खरं तर वंदनाकाकूंना सांगायला हवं होतं.

मी डेट्रॉइटजवळच्या एका गावात पोलीस आहे. आमच्या इथल्या बुद्धविहारात सगळ्यांना त्याचं फार कौतुक. माझं काम शूटिंग रेंजवर. इथे रिटायर झालेल्या पोलिसाला कपड्यांआड पिस्तूल बाळगता येतं, पण दरवर्षी रेंजवर येऊन नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ती मी घेते. पास-नापास मी ठरवते.

फ्रँक माझा पहिला सीनियर. मी नवी होते तेव्हा माझ्याबरोबर पेट्रोलिंगला जायला कुणी राजी नव्हतं — फ्रँक आला. पिस्तूल कसं धरायचं, श्वास कधी रोखायचा, सगळं त्याने शिकवलं. त्याला नापास करायचं? मी?

रिटायर झाल्यावर त्याची बायको वारली, त्यानंतर तो परीक्षेला आला, तेव्हा त्याचा हात कापत होता. गोळ्या टार्गेट सोडून भलतीकडेच गेल्या. मी आणखी एक संधी दिली, ते नियमात बसतं. पुन्हा तेच. पिस्तूल खाली ठेवून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "रिया, आता हेही काढून घेणार?"

मी त्याला पास केलं. पाठीवर थाप मारली, कॉफी पाजली. दया होती का ती? तेव्हा मी स्वतःला तसंच सांगितलं. पण दया नव्हती हो — त्याच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, एवढंच.

त्याच हिवाळ्यात एक माणूस चाकू घेऊन गॅस स्टेशनच्या, म्हणजे पेट्रोल पंपावरच्या, दुकानात शिरला. काउंटरमागे वंदनाकाकू होत्या, आमच्या विहारातल्या. फ्रँक तिथेच दूध घ्यायला आलेला. त्याने पिस्तूल काढलं, गोळी झाडली. चोर पळून गेला. गोळी काकूंच्या खांद्यात शिरली.

चौकशीत मला विचारलं, "परीक्षेत काही प्रॉब्लेम दिसला होता?"

"नाही," मी म्हणाले. सहज म्हणाले — त्याचंच आज जास्त वाईट वाटतं. फ्रँकही काही बोलला नाही. त्याने पिस्तूल विकलं, मुलीकडे ओहायोला गेला. पुन्हा आमचं बोलणं झालं नाही.

काकूंचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. वेणी मुलगी घालून देते. मी त्यांना थेरपीला ड्राइव्ह करून न्यायचे, आणि त्या सगळ्यांना सांगायच्या, रिया माझ्या लेकीसारखी आहे. मी ऐकून घ्यायचे. रेंजवरचं काम? ते अजून माझ्याकडेच आहे.

मागच्या बुद्धपौर्णिमेला जेवताना काकूंनी मला जवळ बसवलं.

"अगं, एवढं ट्रेनिंग घेतलेला माणूस. दरवर्षी तूच परीक्षा घेतेस ना या लोकांची? तरी नेम चुकला. नशीब वगैरे मी मानत नाही, तुला माहितीये. पण मग याला म्हणायचं तरी काय?"

त्या खरंच विचारत होत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

काय म्हणायचं, ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्या वाटीत खीर वाढली, आणि उठून पुढच्यांना वाढायला गेले.