विहिरीवरच्या आंब्याची गोडी

आमच्या बोरगावच्या शेतातील विहिरीवरच्या आंब्याविषयी जे सांगितले जाते, ते सर्वस्वी खोटे आहे. माझी पत्नी वारली आणि तिने त्या झाडाची गोडी अडवून धरली, असे ते सांगणे. ते रचले माझ्या धाकट्या भावाने. सौंसरच्या बसमध्ये एका अनोळखी माणसाने तेच मला ऐकवले. झाड माझे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचे म्हणणे मी उतरेपर्यंत खोडून काढले. आता कागदावर खोडतो.

वस्तुस्थिती अशी. आम्ही दोघांनी एकाच झाडावरून दोन कलमे बांधली. एक मी बरडीवर, मुरमाड चढावर लावले. दुसरे तिने विहिरीशेजारच्या काळ्या जमिनीत. बरडीवरचा आंबा लहान, जाड सालीचा, पण गोड आणि टिकाऊ निघाला. विहिरीवरचा मोठा, रसाने भरलेला आणि त्याहून गोड. मुरूम पाणी धरून ठेवत नाही, काळी माती सोडत नाही. एकाच रक्ताची दोन झाडे जमिनीने वेगळी केली.

ती गेली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात विहिरीवरचा आंबा पाणचट झाला. दिसायला पूर्वीहून देखणा. कापला की बाठीभोवतीचा गर पिळपिळीत आणि चव धुऊन काढल्यासारखी. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. त्यांना दाखवल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडाला लावत नाही. त्या वर्षीची घागर तिच्या नावाची होती. छपरावर पान ठेवले. कावळ्याने वडा नेला, कुरडई नेली, आंब्याच्या फोडीला चोच लावली आणि ती तशीच टाकून उडाला.

भाऊ हळूच म्हणाला, "वहिनी त्या झाडातच हाये, भाऊ. तिले द्याचं नाही आपल्याले."

कावळ्याला चव कळते म्हणून त्याने टाकली, तुला कळत असती तर तूही टाकली असतीस, असे मी त्याला सुनावले. पंगत हसली. परंतु त्या दिवसापासून मजूर बायका त्या झाडाखाली भाकरी सोडेनात. फळे पडत, सडत. दुपारी मी विहिरीवर गेलो की त्या आंबूस वासात बांगड्यांचा आवाज येई. तो मोटारीच्या सैल झाकणाचा आहे, असे मी ठरवून टाकले. मोटार बंद असे, हेही मला दिसत होते.

अखेर मुलगा म्हणाला, "बाबा, तोडून टाकू. संत्र्याची एक ओळ बसते तिथं. अन् लोकायचं तोंडही बंद होते."

तिच्या हातचे एवढेच उरले होते. मी मुलाकडे एक हंगाम मागितला. मागणे माझ्या स्वभावात नाही.

ती गेली त्याच वर्षी मुलाने जमीन सपाट करून संत्र्याची बाग आंब्यापर्यंत आणली आणि ठिबक बसवले. आम्ही संत्र्याला ताण देतो, म्हणजे बहार यावा म्हणून काही काळ पाणी तोडतो. पण बहार धरला की उन्हाळाभर पाणी चालू. नेमका त्याच वेळी आंबा पोसत असतो. "संत्र्याले तू पाणी देऊन राहिला," मी मुलाला म्हणालो, "अन् पेऊन राहिला आंबा."

दिवाळीनंतर आंबा आणि संत्री यांच्यामध्ये मी स्वतः चर खणू लागलो. थोड्याच खोलीवर कुदळ दगडावर वाजली. एकाला लागून एक उभे पुरलेले चपटे दगड, मागे चोपलेला मुरूम. तो बरडीवरचा होता. त्याचा तांबूस रंग मी ओळखतो. झाडाला अर्धा वेढा घालून ती ओळ पाणी नाल्याकडे उतरवत होती, आणि मी आखलेली चराची रेघ नेमकी तिच्यावरून जात होती. दर फाल्गुनात माझी पत्नी टोपली घेऊन विहिरीवर जाई. शेणखत टाकायला जाते, असे मी समजत असे. तिने कधी सांगितले नाही.

सपाटीकरणात वरून मोडलेला तो बांध मी पुन्हा उभा केला. मुरूम चोपत असताना पाठीमागे कोणी टोपली टेकवली. मी वळलो नाही.

गेल्या अक्षय तृतीयेला आंबा गोड निघाला. छपरावरची फोड कावळ्याने सर्वांत आधी उचलली. मुलाने दुसरी फोड घेतली आणि झाड तोडण्याचा विषय पुन्हा काढला नाही. भाऊ बोटे चाटत म्हणाला, "म्हटलं होतं ना, भाऊ? आली वहिनी."

माती, पाणी, ठिबक, दगड, सगळे त्याला सांगता आले असते. मी एवढेच म्हणालो, "बांध तिचा हाये."

भावाचे म्हणणे आजही खोटेच आहे. यंदा फाल्गुनात बांधाला मुरूम टाकायला गेलो, तेव्हा मात्र टोपल्या दोन नेल्या.