गाडी असती तर...

ताईचा फोन दुपारी आला. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स राहिलेली बाई. अशा बातम्या कशा सांगायच्या, हे तिला ठाऊक. "शोभा, हे गेले. घरी आणलं आत्ता. तू सावकाश निघ," एवढंच बोलली. मंगरूळपीरहून कारंज्याला पोचेपर्यंत 'सावकाश' हा शब्द डोक्यात टोचत राहिला. भाऊजींनी जन्मात कुठली गोष्ट सावकाश केली असेल, तर मला आठवत नाही.

प्रभाकरभाऊजी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. एका जागी बसणं त्यांना जमलंच नाही. जेवता जेवता उठून टाकी भरली का बघून येत. निवृत्तीनंतर तर ही तगमग फारच वाढली, आणि तिला वाट सापडली ती एका मोगऱ्यामुळे. पहिल्यांदा घरी एसी बसवला, त्या उन्हाळ्यात गल्लीच्या बाजूचा मोगरा त्याच्या गरम हवेनं करपून गेला. भाऊजी बराच वेळ त्या वेलापाशी उभे राहिले. आत येऊन म्हणाले, "कुसुम, आपण घर थंडं करून राह्यलो अन् गल्ली तापवून राह्यलो. पोरायले जलमभर शिकवलं, अन् मले आता समजलं."

तेव्हापासून रोज सकाळी चहावर दोघांची बैठक. घरातला धूर, वीज, पेट्रोल, सगळं कमी करायचं. भाऊजींना सारं आजच हवं, ताई एकेक गोष्ट तोलून घेणार. एसी काढायचं म्हटल्यावर तिनं साफ सांगितलं, "उन्हाचे पेशंट मी पाह्यले, तुमी नाही. मे महिन्यात तो लागन म्हणजे लागन." मग कूलरवर तडजोड झाली, एसी फक्त कडक दिवसांपुरता. परसात ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची टाकी बसली. पावसाळ्यात ती अशी वास मारू लागली, की शेजारच्या काकू नाकाला पदर लावून आल्या, "गुरुजी, आमी जेवावं का नाही?" टाकी निघाली. दोन दिवस भाऊजी कोणाशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी गच्चीवर सोलर बसवणाऱ्याला घेऊन आले.

गाडीवर मात्र अडलं. ती ताईनं निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली, चालवायचीही तीच. भाऊजी शिकलेच नाहीत. "अडीअडचणीले दवाखाना लागला तं?" ताई विचारायची. "गल्लीत ऑटो आहे, दवाखाना हाकेवर. कायले पाह्यजे गाडी?" हा वाद वर्षभर चालला. शेवटी दिवाळीनंतर ताईच म्हणाली, "विका. बॅटरी उतरू नये म्हणून मी गावाले उगाच चक्कर मारून आणते, हे काही खरं नाही." केनवड गावी नात्यातल्या एका लग्नाला दोघं एसटीनं गेले. तिथं कोणी तरी विचारलं, "गुरुजी, पेन्शन बंद झाली काय?" भाऊजी त्याला जेवण थंड होईपर्यंत समजावत बसले.

ताईचा फोन आला त्या दुपारी ते गच्चीवर सोलरच्या काचा पुसून खाली आले, ते घामानं निथळत. हे हृदयाचं दुखणं, ताईनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. गोळी चघळायला दिली, ऑटोवाल्याला हाक मारली. ऑटो लगेच आला... पण दवाखान्याच्या फाटकाशीच सगळं संपलं. कुठल्याही वाहनानं आणलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. तरी तेरवीला मांडवभर एकच कुजबुज फिरत होती... गाडी असती तर. पुण्याहून आलेला माझा भाचा, ताईचा मुलगा, तर आईसमोरच बोलून गेला, आणि मग खाली मान घालून बसला. जी ताई शांतपणासाठी प्रसिद्ध, ती त्यानंतर घरभर फिरू लागली. आज कपाट सरकव, उद्या पुन्हा जागेवर ठेव. मी तिच्याकडे राहायला गेले, तर मलाही झोप लागेना. खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्याही मनातून जात नव्हता.

मागच्या आठवड्यात तुरीची डाळ निवडता निवडता ती आपणहून बोलली. "गाडी असती तं मी स्टेअरिंगवर असती, शोभा. माझी पाठ त्यायच्याकडं. ऑटोत त्यायचं डोकं माह्या मांडीवर होतं. माह्याकडं पाहून राह्यले होते." एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला. "हेच मी रोज स्वतःले सांगून राह्यली. तरी जीव थाऱ्यावर नाही." भाचा नवी गाडी घेऊन देतो म्हणतोय. ताई त्याला सध्या नाही म्हणाली आहे. उद्या काय म्हणेल, तिलाही माहीत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी पुढच्या खोलीत बसतो. दिवस मावळतो, भांड्यांच्या कडा तेवढ्या चमकत राहतात, गल्लीतल्या घरांचे दिवे एकेक करून लागतात. परवा मला तो अंधार सहन होईना. उठले आणि बटनाकडे हात नेला. ताई खुर्चीतूनच म्हणाली, "थांब. हे इतक्यात दिवा लावू देत नव्हते." मग जरा वेळानं, स्वतःशीच, "दिसते अजून."