सख्खी भावंडं किती?

बहिणीच्या फॉर्मवर ‘सख्खी भावंडं’ या रकान्यात मी ‘एक’ लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा ‘एक’ लिहिलं. नागपूरच्या रुग्णालयातली समुपदेशक बाई माझ्या पेनाकडे पाहत होती. भावंडं मोजायला इतका वेळ लावणारा माणूस तिने पाहिला नसावा.

बहीण अकोल्याला शाळेत शिकवते. रक्ताचा कर्करोग औषधांनी मागे हटला होता, पण डॉक्टरांच्या मते परत येणार होता. त्याआधी दुसऱ्या कोणाच्या मूळ पेशी तिला द्यायच्या. त्यासाठी पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. म्हणून पहिला शोध सख्ख्या भावंडांत. माझ्या निम्म्याच जुळल्या.

“पूर्ण जुळणारं कोणी मिळालं तर बरं,” डॉक्टर म्हणाले. “आणखी भाऊ-बहीण?”

होता. सर्वांत धाकटा. वर्षाचा असताना बाळापूरच्या काका-काकूंना दत्तक दिलेला; त्यांना मूल नव्हतं. तेव्हापासून तो आमचा चुलत भाऊ. खरं काय ते साऱ्या गोतावळ्याला माहीत, त्यालाही माहीत, पण बोलायचं कोणी नाही, असा आमच्या घरचा अलिखित कायदा. लिखित कायद्यांपेक्षा तो बराच कडक पाळला गेला.

दरम्यान बहिणीच्या शाळेने दात्यांच्या नोंदणीचं शिबिर घेतलं. प्रमुख पाहुणे ‘महादाना’वर पाऊण तास बोलले. गालाच्या आत कापसाची काडी फिरवून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. शाल मात्र नेली. अनोळखी दात्यांत जुळणारं कोणी सापडलं नाही.

अमरावतीला घरी येऊन आईला म्हटलं, “बाळापूरला चल.”

“कोन्या तोंडानं जाऊ? दिलं ते दिलं. ओटीत घातलेलं मांगाले जात नसते.”

“पोरगा नाही मागत आई. त्याचं थोडं रक्त मागतो.”

“तेच तं,” ती म्हणाली.

चार दिवसांत मी दोनदा बसस्टँडवर जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा बसमध्ये बसलो.

“काहून आला रे एकटाच? तुया मायले पाय नाहीत?” चहा ठेवता ठेवता काकू म्हणाली. काका गेल्यापासून घरात ती आणि भाऊ, दोघंच. भाऊ त्याच्या कृषी केंद्रात होता. मी वाटेत पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. पाठ केलेलं असल्यामुळे वाईटच सांगितलं.

“चुलत भावाचं नाही चालत?”

“चुलत सहसा जुळत नाही, काकू.”

“म्हंजे सख्खा लिवा लागीन.”

“हो.”

चहा उतू गेला. तिने ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. “एवढ्या वर्सात कोनी एक शबूद काढला नाही. अन् तू आता डागदरच्या कागदावर काढून राहिला.”

“नाही तर ती जाईल, काकू.”

“ते समजते मले, येडी नाही मी. लिव सख्खा. पन मायच्या खान्यात माह्यं नाव लिवजो.”

तसंच लिहिलं.

“सावत्र आहेत का?” आईचं वेगळं नाव पाहून नागपूरच्या समुपदेशक बाईने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “वऱ्हाडी आहेत.”

भावाने रक्त तपासायला दिलं; अहवाल येईपर्यंत विमा विकणाऱ्यांचे फोनही मी पहिल्या घंटेला उचलले.

भाऊसुद्धा निम्माच जुळला. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले. “गंमत आहे. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी मात्र पूर्ण जुळता.”

आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. लग्नकार्यं सोडली तर असे आम्ही कधी बसलो नव्हतो. आणि हे जुळणं कोणाच्याच कामाचं नव्हतं.

“म्हंजे दादा, तुमाले काई झालं तं मी हाओ,” तो मला म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. “ताईचं सांगा.”

अर्ध्या जुळणीवरही आता करतात, जोखीम जास्त, डॉक्टर म्हणाले. दोघांतला वयाने लहान तो दाता बरा. मी ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

काही दिवस इंजेक्शनं घेऊन भाऊ एका सकाळी रक्तातून पेशी वेगळ्या काढणाऱ्या यंत्राला जोडला गेला. बाहेर बाकावर आई आणि काकू, मध्ये माझी पिशवी.

“एवढं रक्त काढते का वो?” काकूने विचारलं.

“परत घालते म्हने,” आई म्हणाली. तेवढंच.

दुपारी दार उघडलं. भाऊ भिंतीला धरत बाहेर आला. “आई, पाणी दे.”

दोघी उठल्या. माझी आई अर्धी उठून थांबली आणि परत बसली. बाटली तिच्याच हातात होती. ती तिने काकूपुढे धरली.

संध्याकाळी बहिणीला त्याच्या पेशी चढवल्या. त्या रुजतील की नाही ते कळायला काही आठवडे लागणार होते. तिच्या खोलीत आम्हाला मनाई होती. मी जिन्याने वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो.