दाव्यासकट

"बसताना कुणालाबी बघू न्हाई, उठताना बघावं."

हे वाक्य डॉक्टरकाका कुठेही वापरत. बाजारात बैल पारखताना तर वापरतच, पण कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तरी पोहे संपेपर्यंत गप्प राहत आणि मुलगा उठला की त्याच्या गुडघ्यांकडे बघत. निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी एका उमेदवाराबद्दल त्यांचं मत विचारलं, तर म्हणाले, "आजून त्यो खुर्चीत बसलाच न्हाई. उठंल तवा सांगतो."

ते जनावरांचे डॉक्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण धनगरवाड्यांवरून अजून बोलावणी येत आणि ते जात. मांजरसुंब्याच्या चौकात माझं मेडिकल आहे. ढाब्यावर दाबून जेवायचं, वर रबडी हाणायची आणि मग पोट धरून गोळी मागायला यायचं, असं माझं बरंचसं गिऱ्हाईक. डॉक्टरकाका संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर येऊन बसत, माझा पेपर वाचत, औषध मात्र कधी घेत नसत. "तुझ्या गोळ्या मान्साच्या. मला गुन यायचा न्हाई," म्हणत.

त्यांची जुनी जीप म्हणजे चाकांवरचा गोठा होता. मागे आजारी शेळी, तिच्याशेजारी बाजाराला निघालेली म्हातारी, तिच्या मांडीवर कुणाचंतरी पोर. गाडी सुरू करण्याआधी ते बॉनेटवर दोन थापा मारत. "हां, चल बाई." किल्लीला वासराच्या दाव्याचा वीतभर तुकडा बांधलेला होता, हात लागून लागून काळा झालेला. दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी, हे तुम्हाला सांगायला नको.

मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. जीप उंच. त्यांनी धार काढायला बसायचं लाकडी स्टूल आणलं आणि त्याला दोरी बांधली. आधी स्टुलावर पाय, मग सीटवर बूड, मग दोरी ओढून स्टूल आत, विहिरीतून पोहरा शेंदावा तसं. उतरताना स्टूल आधी खाली सोडायचं. ते हमखास उताणं पडायचं आणि चौकातलं कुणीतरी सरळ करायला धावायचं. आम्ही सगळे हसायचो, तेही हसायचे.

एके दिवशी जीप मागे घेताना त्यांनी चहाच्या टपरीचा पाण्याचा ड्रम आडवा केला आणि हसणं थांबलं. कुणाला लागलं नाही. टपरीवाला ओरडला, "डॉक्टर, सकाळपासनं ड्रम हितंच हाय की!"

"आन् माजी मान बी सकाळपासनं हितंच हाय बे. मागं जातच न्हाई!"

उत्तर तर दिलं, पण त्या दिवशी ते बाकावर पेपर उघडून नुसतेच बसले होते.

ड्रमची बातमी पुण्याला मुलाकडे पोचली. आपल्याकडे टपालाला उशीर होईल, चहाडीला होत नाही. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्याने मला फोन केला. "ताई, घर शेतात, नेकनूरच्या रस्त्याला, गावापासून लांब. गाडीशिवाय तिथं राहता येणार नाही आणि गाडी आता बाबांना जमत नाही. दोघांना मी इकडंच घेऊन येतो."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण काकू दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन रडल्या. "मी ऱ्हायलेय तिथं. लिफ्टमधी बाया सोबत उभ्या ऱ्हातेत, पर बोलत न्हाईत. आन् ह्यांचं काय होईल? तिथं कुनाची शेळी आजारी पडतीय?"

शेवटी बापलेकांत तह झाला. जीप विकायची. एक लहान, जुनी, पण चांगली गाडी बघायची. ती काकांना नीट चालवता येते असं कुणी तिऱ्हाईताने सांगितलं तर म्हातारा-म्हातारी इथेच राहतील. नाहीतर पुणे. तो तिऱ्हाईत म्हणून काकांनी मला निवडलं.

मी तर हातच जोडले. माझ्याकडे लायसन्स होतं, हिंमत नव्हती. शिकताना एकदा गाडी कुंपणात घातली, तेव्हापासून मी शेजारच्या सीटवर बसूनही पायाने ब्रेक दाबते.

"म्हनूनच तू," काका म्हणाले. "बैल घेताना पैलवानाला सोबत न्हेऊ न्हाई. ज्याला बैलाचं भ्या वाटतं त्याला न्ह्यावं. त्याला समदं दिसतंय."

जीप गेवराईच्या एका माणसाने घेतली. तो न्यायला आला तेव्हा काकांनी किल्लीचं दावं सोडलं, खिशात घातलं आणि नुसती किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "असू द्या की तेवढं, छान दिसतंय."

"जनावर द्यावं, दावं देऊ न्हाई. गोठा रिकामा पडतो."

जीप घाटाकडे वळेपर्यंत ते बघत राहिले. मग स्टूल उचलून घरी गेले.

बीडला जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे, सगळे त्याला भाई म्हणतात. बाप आंबे-मोसंबी विकायचा, मुलगा गाड्या विकतो, आणि फळाला फडकं मारायची सवय गाडीवरही चालू आहे. काका, काकू आणि मी त्याच्याकडे गेलो. त्याने आधी एक लांबलचक पांढरीशुभ्र गाडी दाखवली. "डॉक्टरसाब, रानी है रानी. ह्याची साऊंड सिस्टीम ऐका जरा."

"गानं मला म्हनता येतं, भाई. उठता येतंय का ते बघू."

काका आत बसले आणि खड्ड्यात उतरल्यासारखे खाली गेले. दार उघडून एक पाय बाहेर काढला. दुसरा निघेना. भाईने एक हात धरला, मी एक धरला, आणि "हय्या" करून आम्ही त्यांना ओढून काढलं. काका कपडे झटकत म्हणाले, "रानीला ऱ्हाऊ द्या महालात."

मग पुढचा सगळा वेळ त्यांनी एकच काम केलं. प्रत्येक गाडीत बसायचं आणि उठायचं. इंजिन बघितलं नाही, रंग बघितला नाही. स्वतः उठून झालं की काकूंना बसवायचे आणि लांब उभं राहून त्या उठताना बघायचे. भाईची माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. काकूंनाही लाज वाटायला लागली. "आवो, मला काय बाजारात आनलंय का तुमी?"

"तुज्यासाठीच चाललंय सगळं. ऊठ बघू परत एकदा."

कोपऱ्यात वांग्याच्या रंगाची एक लहान गाडी होती. बुटकी नाही, उंच नाही. काका तिच्यात वाकावं न लागता बसले आणि हात न टेकता उठले. काकूही उठल्या. पुढे बॉनेटचं टोक दिसत होतं, आरसे मोठे होते, मान न वळवता मागचं दिसत होतं. पण तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. काकांनी तोंड वाकडं केलं. "मग डाव्या हातानं करायचं काय मी?"

"कायबी करू नगा," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्सं बैलाच्या शेपट्या पिळल्या, त्याला आता सुट्टी द्या."

भाव ठरवायला काकांनी खिशातला मोठा रुमाल काढून आपल्या हातावर टाकला. भाई क्षणभर बघतच राहिला. मग मोठ्याने हसला आणि त्याने रुमालाखाली हात घातला. बैलबाजारात दलाल करतात तशी बोटं दाबून बोलणी झाली. दोघांचे चेहरे दगडासारखे. किती ठरलं ते मला आजही माहीत नाही, काकूंनाही नसावं.

आता झालं, असं वाटून मी पर्स उचलली. तेवढ्यात काका म्हणाले, "गाडी बघून झाली. आता मला बघा."

ते गाडीच्या पुढे गेले. बॉनेटवर दोन थापा पडल्या. मी शेजारी, मागे काकू आणि भाई. आम्ही घाटाकडे निघालो. खोटं कशाला सांगू, त्यांनी गाडी झकास चालवली. वळणावर ट्रकला वाट दिली, उसाच्या ट्रॉलीमागे शहाण्यासारखे थांबले, एकदाही घाई केली नाही. माझा ब्रेकवरचा पाय हळूहळू सैल झाला. मुलाला काय सांगायचं ती वाक्यंही मी मनात जुळवायला लागले.

परतताना बीडच्या अलीकडच्या चौकात डाव्या बाजूने एक मोटारसायकल आली. मला ती लांबून दिसत होती. काकांना दिसेल म्हणून मी गप्प होते. ते तसेच पुढे जात राहिले. "काका!" मी किंचाळले. गाडी थांबली. मोटारसायकलवाला शिव्या देत निघून गेला.

मागे काकूंच्या बांगड्या वाजल्या. काकांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मला विचारलं, "खरं बोल. दिसायला पायजे व्हती का ती?"

एका शब्दावर या दोघांचं घर, शेत, कोंबड्या, सगळं टांगलेलं होतं. "हो काका. डावीकडचं तुम्हाला दिसत नाही."

भाईने मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. "गाडी मैं दुसरे किसीको नहीं देता, साब. पहिले आँख दिखाव."

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी सांगितलं, "आत्ता नाही. डोळा दाखवल्यावर बघू." फोन ठेवला आणि बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. पुढेही बरेच दिवस तो रिकामाच राहिला. आपण एका भल्या माणसाचं घर मोडलं, असं मला रोज वाटायचं. गोळ्या देताना हिशेब चुकायचे. त्यांच्या घरी जायचं धाडस काही झालं नाही.

आणि एका सकाळी ती वांगी गाडी दुकानापुढे येऊन उभी राहिली. काळा चष्मा लावलेले काका स्टिअरिंगवर होते, मागे भाई. "मोतीबिंदू व्हता. डाव्या डोळ्याला जाळं आन् मी गावभर हिंडतोय. काढला. बस."

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की दुकान उघडं टाकून मी गाडीत बसले. त्याच चौकात आम्ही पुन्हा गेलो. काकांनी वेग कमी केला आणि म्हणायला लागले, "डावीकडनं मोपेड. वर म्हातारा. पुढ्यात कांद्याची गोनी. म्हाताऱ्याच्या बनियनला भोक हाय. आजून काय सांगू?"

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. "राहू द्या त्यांना इथं," म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. काकांनी दोन अटी स्वतःच घालून घेतल्या. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. आणि दुसरी, भलतीकडेच बघत म्हणाले, "ज्या दिशी तू म्हनशील उतरा, त्या दिशी उतरीन. कावून म्हनून इचारनार न्हाई."

घरी काकूंनी चाकांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. काकांनी नव्या किल्लीला ते जुनं दावं बांधलं.

पुढे दर आठवड्याला आम्ही नेकनूरच्या बाजाराला जात असू. त्यांना बैल बघायचे असत, काकूंना भाजी, आणि मी, म्हणे, काकूंना सोबत. जाताना ते चालवत. परतताना म्हणत, "ऊन डोळ्यावर येतंय, तू घे." परतीच्या वेळी ऊन डोळ्यावर नाही, डोक्यावर असायचं हे मला फार उशिरा कळलं. मी कापत कापत चालवायची आणि ते शेजारी डोळे मिटून बसायचे. मी काही विचारलं की म्हणायचे, "मी झोपलोय."

त्या "उतरा"चं ओझं मात्र माझ्या मनावर होतं. आपल्याला कधीतरी ते म्हणावं लागणार, आणि ते आपल्याच्याने व्हायचं नाही, असं वाटायचं.

म्हणावं लागलंच नाही. एका संध्याकाळी ते दुकानात आले आणि काउंटरवर किल्ली ठेवली. "आज बांधावरून वळताना शेजाऱ्याचं वासरू मला उशिरा दिसलं. त्याला काय झालं न्हाई. पर उशिरा दिसलं. म्हटलं, तुला सांगायची येळ कावून आनू?"

मी किल्लीचं दावं सोडायला लागले, त्यांना परत द्यायला. गाठ घट्ट होती. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी. घरातल्या घरात दावं सोडत न्हाईत."

त्यानंतर वर्षभर मी चालवली आणि ते शेजारी बसले. गेल्या थंडीत ते गेले, आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, गोठ्यातली शेळी ओरडत असताना. मुलगा आला होता. दिवस झाल्यावर तो काकूंना घेऊन जाण्याबद्दल बोलायला माझ्याकडे आला. बोलता बोलता त्याची नजर काउंटरवरच्या किल्लीवर गेली. त्याने ते दावं बोटांत धरलं, बराच वेळ धरलं, आणि किल्ली होती तिथे ठेवली. "ताई, आईला बाजाराला नेत जाल ना?" एवढंच म्हणाला.

परवाच्या बाजाराला आम्ही दोघी गेलो होतो. शेजारच्या सीटवर काकू. मी गाडी लावली, उतरून पलीकडे गेले आणि दार उघडून थोडी लांब उभी राहिले. काकूंनी आधी एक पाय बाहेर टेकला, मग दुसरा. मी हात पुढे केला नाही. त्या एका दमात उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस का?"

"बघितलं, काकू."