सिल्व्हर बर्चमधले बारगजे सर

लिफ्टमध्ये बारगजे सर भेटले की नमस्काराच्या आधी झाडाचं नाव निघायचं. "लिथुआनियात बेर्झास, रशियात बेर्योझा, आणि आपला संस्कृतातला भूर्ज. एकाच घरची लेकरं आहेत ही. मला सांगा, कुणाला पत्ता तरी आहे का?" तोवर माझा मजला यायचा.

चाकणच्या एका कंपनीत रशियन यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित करण्यात त्यांची नोकरी सरली. चऱ्होलीतल्या आमच्या इमारतीचं नाव सिल्व्हर बर्च. बर्च म्हणजेच भूर्ज, एवढ्यावर भाळून बीडच्या या माणसानं इथं फ्लॅट घेतला. बिल्डरनं फाटकाशी पाम लावले होते. सर हसले. "असंच होतं बघा. माणसं सरकतात, नाव सोबत नेतात. नव्या मुलखात ते झाड नसलं की हाताला लागेल त्या झाडाला चिकटवतात."

यावरून सोसायटीनं ठरवून टाकलं, की सरांना झाडांतलं कळतं. मग काय, मलूल कढीपत्त्याच्या कुंड्या त्यांच्या दारात. "ताई, मी नावांचा माणूस. रोगाचं मला काही कळत नाही," सर म्हणायचे. तरी कुंड्या येतच राहिल्या. मला संताप यायचा.

गणपतीत चेअरमन अण्णांनी त्यांना 'झाडे लावा' या विषयावर बोलायला उभं केलं. सरांनी मात्र नोकरी सांभाळून आयुष्यभर केलेलं शब्दांच्या मुळांचं काम मांडायला घेतलं. लिथुआनियाकडचे बाल्टिक आणि रशियाकडचे स्लाव्ह लोक एकमेकांपासून वेगळे होण्याआधी या झाडाला काय म्हणत असतील? "तो शब्द कुठंच लिहिलेला नाही. नातवंडांच्या तोंडवळ्यावरून आजी ओळखावी, तसा ओळखायचा. लिहिताना आम्ही भाषावाले अशा शब्दाच्या डोक्यावर तारा काढतो. म्हणजे लेखी पुरावा नाही, पण शब्द होता. आता त्याचा अर्थ..."

अण्णांनी माइक घेतला. "झ्याक झालं, सर. आता हौजी हाय, लोकं थांबल्यात." टाळ्या पडल्या. त्यानंतर लिफ्टमध्ये सर फक्त माझी शिफ्ट विचारायचे.

उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेच्या फ्लेक्सवर 'वृक्षप्रेमी' छापलं होतं. अण्णा म्हणाले, "सरांनी झाडांवर लेकरावानी माया केली."

सरांच्या पत्नी, बारगजे काकू उठल्या. "घरातल्या तुळशीलासुद्धा त्यांनी कधी पाणी घातलं नाही. त्यांना एक शब्द सांगायचा होता. तुम्ही माइक घेतलात, त्याच्या पुढं काय होतं ते मलाही ठाऊक नाही. मी म्हटलं, लोकांना सांगतील तेव्हा आपणही ऐकू."

अण्णा म्हणाले, "बरं, दोन मिनटं समदी उभं ऱ्हाऊ."

आम्ही उभे राहिलो. कुणी चुळबुळ केली नाही, कुणाचा मोबाइल वाजला नाही. सरांसाठी आमची सोसायटी पहिल्यांदाच गप्प राहिली होती.