पाण्याच्या वाटेवरची सोबत

पाटोद्याच्या आमच्या दवाखान्यात एक नर्स होत्या आणि मी औषधं द्यायचो. सकाळी पेशंट यायच्या आधी त्या ड्रेसिंगच्या खोलीत डोळे मिटून अर्धा तास गप्प बसत.

"येशूला काय मागता, सिस्टर?" मी एकदा विचारलं.

"मागत काईच न्हाई, दादा. निसती त्याच्याजवळ बसते."

एकदा बिनपगारी रजा टाकून त्या परदेशात, युद्ध चाललेल्या एका गावात गेल्या. तिथल्या बाया पाण्याला निघाल्या की बंदुकांसमोरून त्यांच्या सोबतीनं रिकाम्या हातानं चालायचं, एवढंच काम; परकं माणूस सोबत असलं की सैनिक गोळी झाडायला कचरतात.

परतल्यावर त्या फारसं बोलेनात. एका दुपारी एका म्हातारीची नाडी बघताना त्यांनी हात एकदम मागं घेतला आणि माझ्यापाशी येऊन बसल्या.

"तिथं एका आजीचा हात धरून चालले व्हते. तिला गोळी लागली. तिनं हात सोडला न्हाई, दादा. मीच सोडला."

मी उठून त्या म्हातारीपाशी जाऊन बसलो.

महिन्याभरानं त्यांनी पुन्हा रजेचा अर्ज लिहिला. "आता पुन्हा तिथं कशाला जाता?" मी रागानंच विचारलं.

"आजीची सून आता एकटीच पाण्याला जाते."

त्यांनी अर्ज वाचायला दिला. मी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.